मगे धरूक कित्याक गेल्ले?

मालवणात वाढलेल्या माणसाला माशाच्या दोनच अवस्था ठाऊक असतात. एक पाण्यातली आणि दुसरी ताटातली. मध्ये बाजार लागतो, पण तिथे फार वेळ थांबलेला मासा घ्यायचा नसतो. याखेरीज तिसरीही एक अवस्था असते. तीत मासा पाण्याबाहेर येतो, त्याची लांबी मोजतात, वजन करतात, फोटो काढतात, आणि चहापाणी न घेताच तो आपल्या घरी परत जातो. हे मला एकोणसत्तराव्या वर्षी टेक्सासात कळलं.

लेकीला दुसरं मूल झालं म्हणून आम्ही दोघं मार्चात डॅलसला गेलो. मार्च ते ऑगस्ट. ओळखीपाळखीत याला ‘आईबाबा अमेरिका बघायला आलेत’ म्हणतात. प्रत्यक्षात आम्ही बघितलं ते डायपरचं शेल्फ. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना विचारल्याशिवाय हे लिहितोय, तेव्हा नाव सांगत नाही. झोपतानाही बहुधा डोक्यावर टोपी असावी म्हणून आमच्या घरात ते ‘टोपीवाले’. त्यांची मोटार उन्हातान्हात रस्त्यावर उभी असते, कारण गॅरेजमध्ये होडी आहे. होडी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते तशी नव्हे. हिला पैठणीसारखी चमचम, मऊ खुर्च्या, दोन टीव्ही आणि मागे अडीचशे घोड्यांचं इंजिन. मी जन्मभर चालवलेल्या सगळ्या स्कूटरी एकत्र बांधल्या तरी इतके घोडे भरायचे नाहीत.

पहिल्या भेटीत ते आमच्याकडे पोहे खायला बसले होते. सौ. वाढत होती. लेकीने विचारलं, हल्ली काय चाललंय? ते म्हणाले, “बॅस.” सौ.ने डाव मागे घेतला. ते पुन्हा उत्साहाने म्हणाले, “बॅस! बॅस!” सौ.ने कढईच आत नेली. गोऱ्या माणसाला मराठी येतं याचं तिला कौतुक वाटलं आणि पोहे आवडले नाहीत याचं वाईट. बॅस हा मासा आहे, आणि आपला शेजारी उठल्याबसल्या त्याचंच नाव घेतो, हा उलगडा व्हायला आठवडा लागला.

एप्रिलात त्यांनी मला लेक फोर्कला नेलं. डॅलसहून पूर्वेला दीड तास. त्याआधी सोळा डॉलर भरून एका दिवसाचा परवाना काढावा लागला. धक्क्यावर गरी टाकून बसायला सरकारची परवानगी लागते ही कल्पनाच मला नवी होती. मालवणात त्यासाठी फक्त आईची परवानगी लागायची, आणि तीही मागून मिळायची नाही.

तासाभरात टोपीवाल्यांच्या गळाला एक बॅस लागला. चांगला दोन किलोंचा, हिरवट पाठीचा, बाजूने काळपट पट्टा आणि जबडा असा की मागच्या जन्मी नक्की आमदार असावा. माझ्या मनात आमटी ठरली होती, वाटणाला नारळ किती लागेल एवढाच प्रश्न उरला होता. टोपीवाल्यांनी आधी दोन्ही हात पाण्यात बुडवले. मला वाटलं, नमस्कार करतायत. तर ओल्या हाताने मासा धरायचा असा नियम. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं रोगांपासून रक्षण करतो, कोरडा हात लागला की तो थर निघतो. मी थक्क झालो. तो थर काढण्यासाठीच तर आमच्याकडे चुलीतली राख जपून ठेवायचे.

मग एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली. मोठा मासा नुसता जबड्याला धरून लोंबकळत ठेवला तर त्याचा जबडा दुखावतो. गळ सोडवला, फूटपट्टीला लावला, एक फोटो. “आता श्वास रोखून धर,” ते म्हणाले. मी धरला. “आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही वाटत असणार.” आणि माझा श्वास सुटायच्या आत मासा पाण्यात गेला. शेपटीचा एक फटकारा, माझ्या चष्म्यावर चार थेंब. आमटी संपली.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. तिने बाळाला खांद्यावर घेऊन सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, “धरलेलो मासो परत सोडल्यानी? मगे धरूक कित्याक गेल्ले?”

या प्रश्नाचं उत्तर मी पुढचे चार महिने शोधत होतो.

बॅस धरून सोडायची रीत एका विमा एजंटाने रुजवली, हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. माणसाने एकदा विमा विकला की तो कशाचंही महत्त्व कुणालाही पटवू शकतो. अलाबामातल्या या रे स्कॉटने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बॅस धरण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि दुसऱ्या वर्षी बॅसवाल्यांची देशव्यापी संघटना काढली. तेव्हा स्पर्धा म्हणजे मेलेल्या माशांची माळ. मग त्याने कॉलरॅडोत ट्राउट धरणारे लोक पाहिले. ते मासा सोडून देत आणि सोडताना जास्तच खूश होत. १९७२ पासून स्कॉटने आपल्या स्पर्धांत मासे जिवंत आणायचे आणि परत सोडायचे असा दंडक घातला. त्यासाठी होड्यांमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या. नद्या घाण करणाऱ्या दोनशेवर कंपन्यांवर त्याच्या संघटनेने खटलेही भरले. आमचा एजंट पॉलिसी गळ्यात मारून झाली की फोन उचलत नाही, हा फरक नोंदवून पुढे जातो.

लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला एकही बॅस ठेवून घेता येत नाही. त्याखालचे चालतात, त्यावरचा दिवसाला एकच, आणि सगळे मिळून पाच. पाच झाले की बास. मी विचारलं, मधल्यांवर एवढा लोभ का? तर तेच संसारी मासे, पुढची पिढी त्यांच्या जिवावर. आमच्याकडे मधल्या वयाच्या माणसाला इतकं संरक्षण कोणत्याही कायद्याने दिलेलं नाही.

संसारावरून आठवलं. वसंतात बॅसचा नर उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढे अंड्यांची राखण, पिल्लं बाहेर आली की त्यांची राखण, सगळं एकट्या नराकडे. त्याला गळ लावून दोन मिनिटं जरी उचलला, तरी टपून बसलेले छोटे ब्लूगिल मासे अंड्यांवर धाड घालतात. म्हणून जाणते लोक घरट्यावरच्या माशाला छेडत नाहीत, छेडलाच तर लगोलग तिथेच सोडतात. टोपीवाल्यांनी मला पाण्यात तो नर दाखवला. एका जागी उभा, खाणंपिणं सोडलेला, डोळे तारवटलेले, येईल त्याच्यावर धावून जाणारा. मी त्याला लगेच ओळखलं. लेक आणि जावई ऑफिसला गेल्यावर दुपारी तीनच्या सुमाराला आरशात मला तोच दिसतो.

पण टेक्सासचं खरं वेड वेगळंच आहे. जानेवारी ते मार्च या महिन्यांत कुणाला तेरा पौंडांच्या वरची, म्हणजे जवळपास सहा किलोंची मादी मिळाली, तर तो सरकारला फोन करतो. सरकार गाडी पाठवतं! खास टाकी बसवलेली. त्या गाडीतून मादी अथेन्स नावाच्या गावी सरकारी मत्स्यकेंद्रात जाते, तिथे तिचं बाळंतपण होतं, आणि मग तिला जिथून आणलं त्याच तळ्यात सुखरूप पोचवतात. थोडक्यात, पहिलटकरणीला माहेरी न्यायचं आणि बाळंतविडा देऊन सासरी धाडायचं. पिल्लं राज्यातल्या तळ्यांत सोडतात. धरणाऱ्याला हातात काय? त्या माशाची हुबेहूब प्रतिकृती, भिंतीवर लावायला. आणि त्याचं नाव नोंदवहीत.

ही योजना १९८६ पासून चालू आहे. पहिली मादी लेक फोर्कचीच, १७.६७ पौंडांची, आठ किलो भरली. तिचं नाव एथेल. पुढे तिला मिसुरीतल्या एका भल्यामोठ्या दुकानातल्या काचेच्या टाकीत ठेवलं, लोक दर्शनाला येत. १९९४ साली ती गेली तेव्हा तिच्या शोकसभेला सुमारे दीड हजार माणसं जमली होती. दीड हजार! मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि माझ्या निरोप समारंभाला अठरा जण होते. त्यातले चार वडापाववाले.

तिचाही विक्रम १९९२ च्या जानेवारीत मोडला, १८.१८ पौंडांनी, त्याच तळ्यावर. ज्याने तो मासा धरला तो बॅस धरायला गेलाच नव्हता. क्रॅपी नावाचे ताटलीएवढे मासे धरायला छोटा जिवंत मासा लावून बसला होता. टेक्सासात तो आकडा अजून कुणाला ओलांडता आलेला नाही. टोपीवाले हे सांगताना टोपी काढतात. मी त्यांना बिनटोपीचं पाहिलं ते फक्त तेव्हा.

एका शनिवारी ते मला दुकानात घेऊन गेले. बॅससाठी रबरी गांडुळं विकत मिळतात आणि त्यांचे रंग ऐकून सौ.लाही यावंसं वाटलं. कलिंगडी, भोपळी हिरवा, जांभळ्यात हिरवी झाक, पिवळ्यात पोपटी. दुकानदाराने सगळी पाकिटं काढून समोर मांडली. दादरच्या साडीच्या दुकानात जे घडतं तेच तिथे घडलं. टोपीवाले अर्धा तास ‘यात थोडा गडद आहे का’ विचारत राहिले आणि शेवटी पहिल्यांदा दाखवलेलंच पाकीट घेतलं. मासा कोणत्या रंगाला भुलतो ते मासा जाणे. गिऱ्हाईक सगळ्याच रंगांना भुलतं.

या खरेदीतही एक मेख आहे. १९५० सालच्या केंद्रीय कायद्याने काठी, रीळ अशा सामानावरचा दहा टक्के कर माशांसाठी राखून ठेवला, १९८४ साली त्याची व्याप्ती वाढवून होड्यांच्या इंधनावरचा करही त्यात आणला. ती रक्कम राज्यांना मिळते आणि ती माशांवर, तळ्यांवर आणि होडी उतरवायच्या धक्क्यांवर खर्च होते. परवान्याचे पैसेही मत्स्यविभागाबाहेर कुठे वळवायचे नाहीत, ही तिची अट. टोपीवाले बिल देताना कुरकुरले नाहीत. उलट पावती मला दाखवत म्हणाले, “हे तळ्याचं.” मी आयुष्यात इतके कर भरले, पण पावतीकडे बघून ‘हे अमक्या पुलाचं’ असं म्हणायची हिंमत झाली नाही.

मे महिन्यात मला तळ्यावर पुन्हा बोलावलं, या वेळी गळ नाही, हातमोजे घेऊन. त्यांच्या मंडळाचा सफाईचा दिवस होता. मंडळ म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी न देणारे तीन सभासद, आणि ‘आमच्या वेळी कसं होतं’ सांगणारे दोघे. फक्त गणपती नाही. झाडाझुडपांत अडकलेली नायलॉनची दोरी गोळा करायची. ही दोरी शेकडो वर्षं कुजत नाही. पक्षी आणि कासवं तिच्यात गुरफटून मरतात. धक्क्याजवळ प्लॅस्टिकच्या नळ्या उभ्या केलेल्या असतात, त्यांत ती टाकायची, पुढे ती वितळवून पुन्हा वापरात येते. मी पाऊण तासात एका झुडपातून दोरी, दोन शिशाची वजनं आणि तीन कलिंगडी गांडुळं काढली. ही गांडुळं पाण्यात पडली तर मासे गिळतात आणि ती त्यांच्या पोटात फुगून बसतात. टोपीवाल्यांनी गांडुळं निरखली, त्यातलं एक आपलंच आहे हे ओळखलं आणि बराच वेळ गप्प बसले.

परत जाताना होडीतलं सगळं पाणी काढून टाकायचं, होडी पुसायची, वाळवायची. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला २००९ साली टेक्सोमा तळ्यात सापडला आणि होड्यांना चिकटून गावोगाव निघाला. पाणी न काढता होडी रस्त्यावर आणली तर दंड आहे. ओल्या छत्रीने घरात यायचं नाही या आमच्या आजीच्या नियमाला टेक्सासात कायद्याचं बळ मिळालंय.

नाताळ संपला की जुनी नाताळची झाडं गोळा करून, वजन बांधून तळ्याच्या तळाशी सोडण्याची चाल अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आहे. फांद्यांत बारके मासे लपतात, त्यांच्या मागे मोठे येतात. ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आम्हीही सण संपला की पाण्यात सोडतो, पण त्यानंतर तिथे मासा राहत नाही.

शिवाय मुलांना शिकवायचं. टेक्सासात वाचनालयातून पुस्तक न्यावं तशी काही ठिकाणी गळकाठी उसनी नेता येते. इलिनॉयने तर २००९ पासून बॅस धरण्याचा हायस्कुलांच्या अधिकृत खेळांत समावेश केला. शाळा बुडवून गरी टाकायला गेलो म्हणून मी ज्या मास्तरांचा मार खाल्ला, त्यांना हे कळायला हवं होतं.

सगळेच काही टोपीवाल्यांसारखे नसतात म्हणा. २०२२ साली लेक ईरीवरच्या एका स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे कोंबून वजन वाढवलं. ते मासे बॅस नव्हते, वॉलाय होते, पण लबाडीला जात नसते. आयोजकाला संशय आला, त्याने तिथेच मासा फाडला आणि शिसं टपाटप बाहेर. दोघांना दहा दिवसांची कैद झाली, होडीही गेली. आमच्या कोळणीपुढे हे मुळीच टिकलं नसतं. ती मासा नुसता हातात तोलून सांगते, वर तो कालचा आहे हेही सांगते, फक्त स्वतःच्या टोपलीतल्याबद्दल सांगत नाही.

मला मात्र वाटायला लागलं होतं की सोडणं म्हणजेच पुण्य. तेवढ्यात टोपीवाल्यांनी जपानची गोष्ट सांगून सगळा घोळ केला. ती सुरू होते अमेरिकेत. जागतिक विक्रमाचा बॅस १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकऱ्याने धरला, बावीस पौंड चार औंस. जागतिक मंदीचे दिवस. त्याने तो तोलून घेतला, घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. विक्रम पोटात गेला. सौ.ला ही सगळ्या गोष्टींतली एकमेव समंजस गोष्ट वाटली. पुढे २००९ साली जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिता याने औंसभराने मोठा मासा धरला. पण दोन औंसांचा फरक नसेल तर विक्रम मोडला असं धरत नाहीत, म्हणून दोघांची बरोबरी. गंमत अशी की बिवात बॅस परत सोडायला २००३ पासून बंदी आहे. तिथे तो परका, अमेरिकेतून आलेला, तिथल्या देशी माशांवर ताव मारणारा. काठावर पेट्या ठेवल्यात, धरलेला बॅस त्यात टाकायचा. म्हणजे टेक्सासात जो सोडेल तो शहाणा आणि बिवाला जो सोडेल तो गुन्हेगार. मासा तोच.

आमच्याकडे असं काही नाहीच, असं नाही. महाडजवळ वाळणकोंडीला नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कुणी हात लावत नाही, लोक वरून खाऊ टाकतात. जून-जुलैत दर्यावर बंदी, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. माझी आजी तर गाबोळीचा मासा जूनात घरात येऊ द्यायची नाही. कारण विचारलं की ‘बाधता’ म्हणायची. टोपीवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तुझी आजी मत्स्यशास्त्रज्ञ होती का? मी हो म्हणालो.

ऑगस्टात, परतीच्या आठ दिवस आधी, पुन्हा सोळा डॉलर भरले. सकाळी सहापासून अकरापर्यंत काही नाही. मग काठी वाकली. माझे हात कोरडे, श्वास आधीच रोखलेला, चष्मा नाकावरून घसरलेला. कसाबसा वर घेतला. टोपीवाल्यांनी फूटपट्टी लावली, चौदा इंच. मी जड मनाने हात ओले करून त्याला पाण्याकडे नेऊ लागलो, तर म्हणाले, “थांब. हा ठेवायला चालतो. खरं तर ठेवलेलाच बरा.” छोटे फार झाले की सगळे अर्धपोटी राहतात आणि कुणीच मोठा होत नाही. म्हणून लहानातले काही उचलून न्या, असं इथले जीवशास्त्रज्ञच सांगतात. लोकांना सोडायची इतकी सवय लागली आहे की कुणी नेत नाही. शास्त्राची आज्ञा मोडणारा मी कोण? मासा बर्फात गेला.

सौ.ने मालवणहून आणलेला मसाला काढला, आगळ लावलं, रव्यात घोळवून तव्यावर टाकला. वास गल्लीभर गेला. टोपीवाले टोपी घालूनच जेवायला बसले. तीन तुकडे खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं, चौथा मागितला. सौ.ने पहिला घास घेतला. मांस पांढरं, काटे बेताचे, वास नाही. ती थोडा वेळ चावत राहिली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “सोडतत ता बरोबर करतत.”